मेणात वळवलेला दात

मेणाला हाताची ऊबसुद्धा पुरते. म्हणून मेणात लावलेले दात थंड पाण्यात ठेवतात, खिडकीपासून लांब.

•

मुलीचे केस विंचरताना आई फणी जरा जोरातच ओढायची. मुलगी ओरडायची नाही. नुसती समोर बघायची, आई रागावली आहे की हसते आहे ते.

•

फोटोत एका माणसाच्या शेजारी कात्रीने कापलेलं भोक आहे. भोकाला लागून एक लहान मुलगी उभी आहे आणि तिच्या खांद्यावर एक हात उरला आहे.

•

ताज्या सिमेंटवर पाय द्यायचा नसतो. घरातल्या माणसांना हे एकदा सांगितलं की पुरतं.

•

नव्या दातांतून ‘स’ नीट येतो का ते बघायचं असेल, तर साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतात. दात चुकीचे लागले असतील तर साठालाच शिट्टी वाजते.

•

फौजदारबाईंच्या दाढेतलं सिमेंट एका चोराची उलटतपासणी घेताना पडलं. चोराने ते जमिनीवरून उचलून त्यांना परत दिलं.

साठ

ठेकेदार दातांच्या दवाखान्यात, खुर्चीतच गेले. तोंडात मेणाची कवळी होती आणि उजव्या हातात आरसा.

ती ट्रायल होती. कवळी पक्की करण्याआधी गुलाबी मेणात दात लावून तोंडात बसवून बघतात. चावा जुळतो का, ओठ भरतात का, माणूस आरशात स्वतःला ओळखतो का. सगळं पटलं की मेण उकळत्या पाण्याने काढून टाकतात आणि त्या जागी पक्कं प्लास्टिक भरून शिजवतात. एकदा शिजलं की दात जागचा हलत नाही. तोवर हवा तसा हलतो.

खोलीत तिघी होत्या. डॉक्टरीणबाई, ठेकेदारांची लेक आणि ठेकेदारांची धाकटी बहीण. लेक तिला आत्या म्हणायची, म्हणून दवाखान्यातही सगळे आत्याच म्हणत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, साठपासून मोजा. ठेकेदार छताकडे बघत मोजू लागले. जन्मभर विटा मोजलेला माणूस, मोजण्यात कसर नव्हती. सहासष्टला बाईंनी त्यांच्या हातात आरसा दिला.

ठेकेदारांनी आरशात पाहिलं. सदुसष्ट आलंच नाही. ते आरशाशी बोलले, आणि अगदी स्पष्ट बोलले.

“मी ढकललं नव्हतं. तूच मागे सरकलीस.”

मग आरसा पडला. ‘सरकलीस’मधले दोन्ही ‘स’ स्वच्छ आले, असं डॉक्टरीणबाईंनी जबाबात सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

एकसष्ट

तक्रारही डॉक्टरीणबाईंनीच केली. हृदय बंद पडलं असं शवविच्छेदनात आलं होतं. पण बाईंच्या हातून माणूस गेला ही गोष्ट त्याआधीच गल्लीभर झाली होती. बाकावर एकही पेशंट नव्हता. बाई रिकाम्या दवाखान्यात हातमोजे घालून बसल्या होत्या.

फौजदारबाई गाल धरून ऐकत होत्या. वयाने पन्नाशीच्या, अंगाने दणकट, आणि दातांच्या डॉक्टरला घाबरून सहा वर्षं या रस्त्याने न आलेल्या.

डॉक्टरीणबाईंनी कवळी पुढे ठेवली. वरच्या दातांत, मधल्या दोन पटाशींच्या शेजारचा एक दात आत वळला होता, गर्दीत कोणी खांदा मारावा तसा. बाकीचे सगळे सरळ रांगेत. हा दात रात्रीतून कोणीतरी वळवला आहे, असं बाईंचं म्हणणं होतं.

तोंडात बसवताना दिसलं नाही का, असं फौजदारबाईंनी विचारलं. दिसलं होतं. पण बाईंना वाटलं, कवळ्या बनवणाऱ्या मेणकाकांची करामत असेल. काही म्हातारी माणसं मागून घेतात, एखादा वाकडा ठेवा, अगदीच दुकानातले दिसायला नकोत. मेणकाकांना तशी हौसही होती.

“आणि ठेकेदारांनी काय मागितलं होतं?”

“भिंत. म्हणाले होते, भिंतीसारखे सरळ लावा, वीटसुद्धा पुढेमागे नको.”

फौजदारबाईंनी कवळी हातात घेतली. डॉक्टरीणबाई चटकन म्हणाल्या की अशी मुठीत धरू नका, वितळेल. फौजदारबाईंनी ती परत पाण्यात ठेवली. वळलेला दात कोणत्या बाजूला आहे ते मनात नोंदवलं, आणि ही बाजू कोणालाही सांगायची नाही असं बाईंना बजावलं.

बासष्ट

मेणकाका दोन गल्ल्या पलीकडे बसत. पोटमाळ्यावरची खोली, गुडघ्याइतकं टेबल, भिंतीवर प्लास्टरचे जबडे ओळीने टांगलेले. सगळे उघडे. आत येणाऱ्याला वाटावं, आपल्यालाच हसताहेत.

वाकड्या दाताचं ऐकून ते तडकले. “हौस मला आहे, पण सांगितल्याबाहेर नाही. दात सरळच दिला होता.”

ठेकेदारांशी तुमचं जुनं भांडण होतं म्हणतात, फौजदारबाई म्हणाल्या.

होतंच. ठेकेदारांनी त्यांचं रस्त्यालगतचं जुनं दुकान पाडलं होतं, म्हणून तर या वयात रोज शिडी चढायची वेळ आली होती. मेणकाकांनी ते लपवलं नाही. उलट जरा रंगवूनच सांगितलं.

“पण बाई, मला सूड घ्यायचा असता तर मी पुढचा दात कशाला हलवू? खालची एक दाढ केसभर उंच लावली असती. मेलं नसतं कोणी. प्रत्येक घासाला माझं नाव काढलं असतं त्यांनी, मरेपर्यंत.”

फौजदारबाईंनी नकळत आपली दाढ जिभेने चाचपली. हा माणूस खरं बोलत असावा, असं त्यांना वाटलं. इतका चांगला सूड सुचलेला माणूस वाईट सूड घ्यायला जात नाही.

मेणकाकांनी कवळी दिव्याजवळ नेली आणि वळलेल्या दाताच्या मुळाशी नखाने दाखवलं. गुलाबी मेणात काळी रेघ होती, केसाएवढी. काजळ. ते सुरी तापवायचे स्पिरिटच्या दिव्यावर, आणि त्या ज्योतीने सुरी काळी होत नाही. हे मेणबत्तीचं काम. कोणीतरी चमचा नाहीतर सुरी मेणबत्तीवर धरली, दाताच्या मुळाशी मेण मऊ केलं आणि दात वळवला. मग वरून बोट फिरवलं.

“हे करायला शिकावं लागतं?”

“एकदा बघावं लागतं. मागच्या खेपेला चावा जुळेना म्हणून मी खुर्चीपाशी जाऊन एक दात सरकवला होता. सगळं घर बघत उभं होतं.”

ट्रायल सकाळी लवकर होती आणि मेणकाका काम उशिरा सुरू करत. म्हणून कवळीचा डबा आदल्या संध्याकाळीच घरी गेला होता. डबा न्यायला आत्या आणि लेक दोघी आल्या होत्या.

म्हणजे रात्रभर तो दात तिघांच्या घरात होता, आणि त्यातला एक मेला होता.

त्रेसष्ट

घर ठेकेदारांनी स्वतः बांधलेलं. भिंती जाड, खिडक्या लहान. मागे फरसबंद अंगण, त्यावर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या.

आत्या साठीच्या. लग्न केलं नाही, भावाचं घर सांभाळलं. बोलता बोलता समोरची वस्तू सरळ करायची त्यांना सवय होती. फौजदारबाईंचा चहाचा कप त्यांनी दोनदा सरळ केला.

दादांचं मन फार हळवं, असं त्या म्हणाल्या. वहिनी लेकीला पाच वर्षांची टाकून कोणाबरोबर तरी निघून गेली, तरी दादांनी दुसरं लग्न केलं नाही. तो काळच वाईट. वहिनी गेली त्याच आठवड्यात अंगणातली पाण्याची टाकी गळायला लागली. दादांनी ती एकट्याने बुजवली, वर फरशी घातली आणि नवी टाकी गच्चीवर बांधली. तोवर महिनाभर आत्यांनी शेजाऱ्यांकडून पाणी भरलं. तीस वर्षं झाली, पण त्या महिन्याने त्यांची पाठ गेली ती गेलीच.

दवाखान्यात तुम्ही दादांच्या समोरच बसला होतात ना, फौजदारबाईंनी विचारलं. दात कसे वाटले?

“नवे. परके. मला काही ओळखीचं वाटलं नाही त्यात.”

“एक दात आत वळलेला होता. पटाशीच्या शेजारचा.”

आत्यांचा हात कपाकडे गेला आणि कपापर्यंत पोचलाच नाही. वहिनीचा तसा दात होता, असं त्या म्हणाल्या. हे घराबाहेरच्या कोणाला आता आठवायचं कारण नव्हतं. वहिनीच्या माहेरचं कोणी उरलं नव्हतं, आणि फोटो दादांनी ठेवले नव्हते.

“म्हणजे तो दात ओळखणारी माणसं तीनच. दादा, तुम्ही आणि लेक.”

“लेक? ती एवढीशी होती,” आत्या म्हणाल्या, आणि बशी सरळ केली.

चौसष्ट

लेक एका कारखान्यात बाटल्यांवरची लेबलं तपासते. दिवसभर सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या जातात, वाकडं लेबल दिसलं की ती बाटली उचलायची. पस्तिशीची, कमी बोलणारी. वडील गेल्याचं दुःख तिने दाखवलं नाही आणि ते लपवण्याचा प्रयत्नही केला नाही.

तिने फोटोंचा आल्बम काढून दिला. हा तिला स्वतःलाही महिन्यापूर्वीच पहिल्यांदा बघायला मिळाला होता. डॉक्टरीणबाईंनी दातांच्या मापासाठी ठेकेदारांचा तरुणपणीचा हसरा फोटो मागितला, तेव्हा ठेकेदारांनी कपाटाची किल्ली दिली. मागायला हव्यात त्या गोष्टी डॉक्टरच मागू शकतात, असं ती म्हणाली.

आल्बममध्ये ठेकेदार सगळीकडे हसत होते, आणि सगळीकडे त्यांच्या शेजारी भोक होतं. कात्री सफाईने चालवलेली. एका फोटोत मात्र एक हात राहून गेला होता, लहान मुलीच्या खांद्यावर. तो कापायचा तर मुलगीही कापावी लागली असती.

“ते मला रागावले की पळून गेलेलीची पोर म्हणायचे,” लेक म्हणाली. “रागावले नाहीत तरी म्हणायचे. मला एकच कळून घ्यायचं होतं बाई. ती मला टाकून गेली का नाही.”

“आई आठवते तुम्हाला?”

“केस विंचरायची. मी पुढ्यात बसायचे, ती मागे. कपाटाच्या आरशात आम्ही दोघी दिसायचो. तेवढीच आठवते. बाकी सगळं आत्यांनी सांगितलेलं.”

फौजदारबाईंनी स्वयंपाकघरात डोकावून मेणबत्त्या कुठे असतात ते विचारलं. लेकीने खण उघडून दाखवला. एक अर्धी जळलेली होती. वीज गेली होती का त्या रात्री, असं त्यांनी विचारलं, आणि लेक म्हणाली की नाही. खोटं बोलायची इतकी सोपी संधी तिने घेतली नाही, हे फौजदारबाईंच्या लक्षात राहिलं.

पासष्ट

दाढेने शेवटी फौजदारबाईंना खुर्चीत आणून बसवलं. गुन्हेगार पकडण्याइतकंच धैर्य एकवटून त्यांनी तोंड उघडलं, आणि कोणती दाढ ते बोटाने दाखवलं. डावीकडची, असंही सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “तुमचा डावा की माझा डावा?”

रोज वीसदा विचारायचा प्रश्न तो. समोर बसलेल्या माणसाचा डावा गाल आपल्या उजव्या हाताला येतो, आणि पेशंट तर घाबरून काहीही सांगतात. फौजदारबाई तोंड उघडं ठेवूनच थांबल्या. मग त्यांनी आरसा मागून घेतला, तोच, चिकटपट्टीने मूठ बांधलेला, आणि आधी आरशात, मग डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडे, मग पुन्हा आरशात पाहिलं.

आरशात मात्र डावा गाल डाव्याच हाताला होता.

दाढ भरून होईपर्यंत त्यांना बोलता येत नव्हतं, ते बरंच झालं. ठेकेदारांच्या कवळीत वळलेला दात उजवीकडचा होता. आता फक्त एवढंच कळायला हवं होतं, की वहिनीचा कोणता.

सहासष्ट

ते विचारायला जावं लागलं नाही. दुसऱ्या सकाळी आत्या आपणहून चौकीवर आल्या. हातात पिशवी, पिशवीत दोन जोड कपडे, औषधं आणि कंगवा.

“दात मी वळवला. मला घेऊन चला, आणि पोरीला त्रास देऊ नका.”

फौजदारबाईंनी त्यांना बसवलं आणि तापवलेली सुरी कुठून आणली, मेण कसं सरकवलं ते विचारलं. आत्यांनी मेणबत्ती, चमचा, सगळं बरोबर सांगितलं. त्या सांगत असताना टेबलावरचं टाचण्यांचं डबडं त्यांनी सरळ करून ठेवलं.

मग फौजदारबाईंनी खणातून प्लास्टरचा एक जबडा काढला. मेणकाकांकडून मागून आणलेला, सगळे दात सरळ असलेला. तो आत्यांकडे तोंड करून ठेवला, समोर माणूस बसावा तसा.

“कोणता वळवलात?”

आत्यांनी क्षणभरही विचार केला नाही. बोट थेट दातावर ठेवलं.

“नक्की हाच?”

“न चुकता. वहिनी अकरा वर्षं माझ्यासमोर बसून जेवली आहे. डोळे मिटून दाखवीन.”

बोट जबड्याच्या डाव्या बाजूच्या दातावर होतं. कवळीतला दात उजवीकडचा होता.

फौजदारबाईंनी पिशवी आत्यांच्या मांडीवर परत ठेवली. तुम्हाला दात नक्की माहीत आहे, त्या म्हणाल्या, म्हणूनच तो तुम्ही वळवलेला नाही. वळवला असता तर बरोबर बाजूचा वळवला असता.

आत्या रडल्या नाहीत. त्यांनी मांडीवरच्या पिशवीचे बंद सरळ केले.

सदुसष्ट

लेक अंगणात कपडे काढत होती. फौजदारबाईंनी बरोबर आरसा आणला होता.

त्यांनी फिरवून बोलायचं टाळलं. दात कोणी वळवला ते काजळावरून घरापर्यंत आलं, म्हणाल्या, आणि बाजूवरून तुमच्यापर्यंत. फोटोवरून केलं असतं तर बाजू बरोबर आली असती, पण तसा फोटोच नाही. समोरून पाहिलेल्या माणसाने केलं असतं तरी बरोबर आली असती. ती चुकली, कारण करणाऱ्याने वहिनीचं तोंड फक्त आरशात पाहिलं होतं. आईच्या पुढ्यात बसून, केस विंचरून घेताना.

लेकीने हातातला कपडा दोरीवर परत टाकला.

“म्हणजे मी आईला उलटं लावलं?”

“हो.”

“मग त्यांनी ओळखलं कसं?”

हा प्रश्न एका गुन्हेगाराने विचारावा तसा नव्हता. तिला खरंच कळायचं होतं. फौजदारबाईंनी आरसा तिच्यापुढे धरला.

“तुम्ही आरशातली आई मेणात लावलीत. वडिलांनी ती पुन्हा आरशात पाहिली. दोनदा उलटं झालं की सरळ होतं. आत्या समोर बसल्या होत्या, त्यांना काहीच दिसलं नाही. वडिलांना मात्र ती जशीच्या तशी दिसली, त्यांच्यासमोर उभी असायची तशी. बरोबर बाजूला लावला असतात तर त्यांनी साठपासून सत्तरपर्यंत मोजलं असतं आणि घरी आले असते.”

लेक हसली. हसताना तिने तोंडावर हात धरला.

“मारायचं होतं?”

“नाही. मेलं की सुटका होते. मला त्यांना बोलायला लावायचं होतं, आणि मग ते बोललेलं घेऊन त्यांना रोज माझ्यासमोर जेवायला बसवायचं होतं. वर्षानुवर्षं. ते दोन वाक्यांत सुटले.” तिने दोरीवरचे चिमटे काढून मुठीत घेतले. “वाईट वाटतं का, ते विचारू नका. मला खोटं बोलता येत नाही.”

मेणातला दात वळवणं हा गुन्हा कुठल्याही कलमात बसत नाही, असं फौजदारबाईंनी सांगितलं. मग त्या दोन वाक्यांवर आल्या. ढकललं नव्हतं, म्हणजे ती काहीतरी उघडं होतं त्याच्या काठाशी उभी होती. मागे सरकली, म्हणजे हा माणूस तिच्या अंगावर जात होता. आणि त्याच आठवड्यात या घरातलं एकच काहीतरी बुजवलं गेलं.

दोघींनी एकदमच पायाखालच्या फरशीकडे पाहिलं. लेक एक पाऊल बाजूला झाली.

अडुसष्ट

फरशी उघडायला सकाळ गेली. ठेकेदारांनी काम पक्कं केलं होतं.

डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं होतं. त्या वाकल्या, बराच वेळ पाहिलं, आणि वर येऊन फौजदारबाईंना म्हणाल्या, वरचा, पटाशीच्या शेजारचा, आत वळलेला. तिचा डावा. दवाखान्यात बोलायच्याच आवाजात म्हणाल्या आणि मग भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आत्या स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, तरी त्या सांगू लागल्या. त्या दिवशी त्या बाहेरून आल्या तेव्हा टाकीवरचं सिमेंट ओलं होतं. दादा म्हणाले, पाय देऊ नकोस. मग म्हणाले, तुझी वहिनी गेली. दोन गोष्टी एका दमात सांगितल्या, म्हणून त्यांना कळलं. विचारलं असतं तर त्या कुठे जाणार होत्या?

लेक खड्ड्याच्या काठावर बसली होती. ती मागे न बघता बोलली.

“मी या फरशीवर खडूने घरं आखून उड्या मारायचे. तुम्ही खिडकीतून बघायचात.”

“पडशील म्हणून बघायचे गं,” आत्या म्हणाल्या.

लेकीने याचं उत्तर नंतर दिलं.

एकोणसत्तर

फौजदारबाईंनी कवळी परत केली, तेव्हा लेक ती घेऊन मेणकाकांच्या पोटमाळ्यावर गेली. शिजवून पक्की करून द्या, म्हणाली.

मेणकाका चक्रावले. घालणारा माणूसच उरला नाही, तर कवळी कोणासाठी? पण हातात काम आल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी दिवा पेटवला, सुरी तापवली आणि विचारलं, दात सरळ करू ना?

“वाकडाच राहू दे. फक्त बाजू बदला. डावीकडचा करा. आणि काजळ सगळं काढा.”

उजवीकडचा दात रांगेत गेला, डावीकडचा आत वळला. मेणकाकांनी तिला दाखवून खात्री करून घेतली, कारण यानंतर हलणार नव्हता. मग मेण गेलं आणि त्या जागी पक्कं प्लास्टिक आलं.

आत्यांना तिने घराबाहेर काढलं नाही. शेजारणींना वाटलं, किती मोठं मन. आत्यांची खोली तीच, खाट तीच, जेवण वेळेवर. फक्त खाटेसमोरच्या फळीवर काचेचा पेला ठेवलेला आहे. लेक रोज सकाळी त्यातलं पाणी बदलते आणि कवळी आत्यांकडे तोंड करून ठेवते, समोर जेवायला बसलेल्या माणसासारखी. आत्या ती फिरवून ठेवत नाहीत. पेला जरा तिरका झाला असेल तर सरळ करतात.

एकोणसाठ

लग्नाच्या दिवशी वहिनीचे सगळे दात सरळ होते.